इजिप्तच्या दगडी ताईतांचा बाजार बंद करा, आणि सुरुवात सगळ्यात छोट्या वस्तूंपासून करा

ऑनलाइन लिलावाच्या साइटवर जाऊन इजिप्शियन ॲम्युलेट असं टाकलं की स्क्रीनभर बारके बारके प्राणी येतात. लाल अकीकाचा बेडूक, हिरवट दगडाचा ससाणा, स्टिएटाइट या मऊ दगडाचा पाणघोडा, माकड, मासा, कासव, सगळे एक-दोन सेंटीमीटरचे, आणि प्रत्येकाला दोरा ओवायला भोक. बऱ्याचशांची किंमत एखाद्या साध्या मोबाइलपेक्षाही कमी असते. खाली माहिती काय, तर "जुन्या युरोपियन कलेक्शनमधून, १९६० च्या दशकात घेतलेलं". संपलं. कुठल्या गावाजवळ सापडलं, कुठल्या कबरीत, कोणाच्या गळ्यात होतं की हातात होतं, इजिप्तमधून बाहेर कसं आलं, यातलं एक अक्षर नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या ताईताचं सापडल्याचं ठिकाण माहीत नाही आणि इजिप्तमधून कायदेशीर बाहेर आल्याचा कागदही नाही, त्याची विक्री थांबली पाहिजे. मोठे पुतळे, शवपेट्या, पपायरस यांच्याबद्दल हे आता बहुतेक लोक मान्य करतात, पण ताईताचा विषय आला की सूर बदलतो, अहो एवढंसं तर आहे, असे लाखो आहेत, कोणाचं काय बिघडतंय. मला वाटतं बिघडतंय ते इथेच सगळ्यात जास्त, आणि ते का ते जरा सविस्तर सांगते.

इजिप्तच्या राजांबद्दल आपल्याला एवढं माहीत आहे कारण त्यांनी भिंतीच्या भिंती कोरून ठेवल्यात. वजीर, पुजारी, मोठे अधिकारी यांचीही थडगी आहेत, नावं आहेत, आत्मचरित्रं आहेत. पण नाईलच्या काठच्या साध्या गावातली बाई, जिला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि जिच्यासाठी कोणी काही लिहून ठेवलं नाही, तिच्याबद्दल कळणार कुठून? ती ज्या खड्ड्यात पुरली गेली त्या खड्ड्यातून. तिथे काय असतं, एखाद-दुसरं मडकं, मण्यांची माळ, आणि माळेत दोन-तीन दगडी प्राणी. तिच्यामागे उरलेलं सगळं काय ते एवढंच.

गाय ब्रंटन नावाचा एक पुरातत्त्वज्ञ १९२० च्या दशकात मध्य इजिप्तमध्ये काऊ आणि बदारी या भागात खोदत होता. त्याच्या हाताला राजाचं थडगं वगैरे लागलं नाही, साध्या माणसांच्या कबरी लागल्या, हजारोंनी. त्याने कंटाळा न करता प्रत्येक कबरीची नोंद केली, बाई की पुरुष की मूल, मडकी कुठली, मणी कुठले, ताईत कुठले. ते तक्ते बघायला अगदी रुक्ष आहेत, ओळीमागून ओळी नुसत्या, पण त्यातूनच एक मोठी गोष्ट कळली. "जुनं राज्य" म्हणतात त्या पिरॅमिडांच्या काळाचा शेवट आणि त्यानंतरचा पडझडीचा काळ, म्हणजे साधारण इ.स.पू. २३०० ते २०००, या काळातले प्राण्यांचे ताईत आणि पाठीवर प्राणी कोरलेले बारके शिक्के बहुतेक करून बायकांच्या आणि मुलांच्या कबरीत सापडतात, पुरुषांच्या कबरीत त्या मानाने कमी. राजसत्ता खिळखिळी झालेली असताना गावातल्या बायका स्वतःच्या आणि लेकरांच्या गळ्यात पाणघोडा, कासव, बेडूक, सिंह बांधत होत्या. हे कुठल्याही शिलालेखात लिहिलेलं नाहीये.

आता हेच सगळे ताईत कोणी रात्री खणून काढले असते, पोत्यात भरून डीलरला विकले असते आणि डीलरने सुटे सुटे करून विकले असते, तर आज आपल्याकडे काय असतं? दगडी पाणघोडा, एक नग. देखणा असेलही. पण तो बाईचा की पुरुषाचा, म्हातारीचा की दोन वर्षांच्या पोराचा, एकटा होता की बारा जणांच्या माळेत, हे कायमचं गेलं, आणि ते नंतर कुठल्याही लॅबमध्ये परत मिळत नाही.

एक उदाहरण माशाचं घेऊ. वेस्टकार पपायरस म्हणून जुनी कथांची पोथी आहे, बर्लिनला असते. त्यात राजा स्नेफ्रूची गोष्ट आहे, तो कंटाळलेला असतो म्हणून तरण्या मुलींना वल्ही देऊन तळ्यात नाव फिरवायला लावतो, त्यातल्या एकीच्या केसातला नव्या पिरोजाचा मासा पाण्यात पडतो आणि ती वल्हवायचंच थांबवते. राजा म्हणतो दुसरा देतो, ती म्हणते नको, मला माझाच हवा. शेवटी राजाचा जादूगार तळ्याचं पाणी अर्धं उचलून दुसऱ्या अर्ध्यावर ठेवतो आणि मासा काढून देतो. नुसती गोष्ट म्हणून वाचली तर हा मासा म्हणजे एक छान दागिना. पण फैयुमजवळच्या हरागाच्या दफनभूमीत खोदकाम झालं तेव्हा तिथल्या एका कबरीत सोन्याचा सुंदर मासा मिळाला, आणि ती कबर लहान मुलीची होती. तो मासा आज एडिनबराच्या म्युझियममध्ये आहे. चित्रांमध्येही लहान मुलींच्या वेणीच्या टोकाला असे मासे दिसतात. कथा, चित्र आणि कबर अशा तिन्ही गोष्टी जुळल्या तेव्हा कळलं की हे पोरींच्या केसात घालायचं लेणं होतं, आणि बुडण्यापासून राखण करणारं असावं असा अंदाज बांधता आला. नदीकाठच्या आयांना पोर पाण्यात जाण्याची भीती असणारच की. आपल्याकडे बाळाच्या मनगटात काळ्या मण्यांची मनगटी बांधतात त्यामागे जो जीव गोळा झालेला असतो, तोच तिथेही होता.

हरागाचा मासा कबरीच्या नोंदीसकट मिळाला म्हणून बोलका झाला. लिलावाच्या साइटवर जे मासे येतात ते सगळे मुके आहेत.

दगडाची अजून एक अडचण आहे जी विकत घेणाऱ्यांना बहुतेक वेळा कोणी सांगत नाही. लाकूड, हाड, कापड असेल तर कार्बन डेटिंग करता येतं, भाजलेल्या मातीची वेगळी तपासणी असते. कोरीव दगडाला हे काहीच लागू पडत नाही. अकीकाचा दगड कोट्यवधी वर्षं जुना असतो, तो कोरला कधी हे दगड सांगत नाही. मग जाणकार काय बघतात, तर कोरण्याची पद्धत. अकीक फार कडक, तांब्याचं हत्यार त्यावर नुसतं चालत नाही, म्हणून वाळूची भुकटी टाकून घासून घासून भोक पाडायचे, धनुष्यासारख्या दोरीने ड्रिल फिरवून. वजीर रेखमिरेच्या थडग्यात भिंतीवर हे काम करणारे कारागीर रंगवलेत, एक माणूस एकाच धनुष्याने एका वेळी अनेक ड्रिल फिरवतोय. भोक दोन्ही बाजूंनी पाडलेलं असतं म्हणून मध्ये अरुंद आणि दोन्ही तोंडाला रुंद होतं, डमरूसारखं. आणि भोकाची कड नीट बघितली, भिंगातून, तर काही ताईतांना दोऱ्याने झिजून गुळगुळीत खाच पडलेली दिसते. म्हणजे तो कोणीतरी कित्येक वर्षं अंगावर वागवला होता. काहींची कड करकरीत असते, ते बहुधा मेल्यानंतर सोबत द्यायलाच बनवलेले. केवढी मोठी माहिती एवढ्याशा खाचेत आहे बघा. पण हीच पद्धत आजचा हुशार कारागीरही वापरू शकतो आणि वापरतो, दक्षिण इजिप्तमधल्या लक्सरला नाईलच्या पश्चिम काठावर खोटे पुराणे दगड बनवण्याची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. वर बाजारात काय चालतं, तर वेगवेगळ्या ठिकाणचे, वेगवेगळ्या काळातले मणी आणि प्राणी नव्या दोऱ्यात ओवून "प्राचीन हार" म्हणून विकतात, जास्त पैसे येतात म्हणून. त्या नव्या ओवण्यात आधीची मांडणी तर जातेच, नवी खोटी मांडणी तिची जागा घेते.

म्हणजे नोंद नसलेला दगडी ताईत विकत घेणाऱ्यासमोर दोनच शक्यता असतात. एक तर तो खोटा आहे. नाहीतर तो खरा आहे आणि तो कुठून आला हे कोणालातरी सांगायचं नाहीये, किंवा आता सांगताच येत नाहीये. दोन्हीपैकी कशासाठी पैसे द्यावेत असं मला तरी काही दिसत नाही.

जिथून आला असेल ती जागा कशी असते हेही बघायला हवं. २०१६ मध्ये पुरातत्त्वज्ञ सारा पार्कॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहाचे फोटो वापरून इजिप्तमधल्या लुटीचा अभ्यास छापला, २००२ ते २०१३ या काळातला. त्यात दिसतं की खड्डे २००९ पासूनच वाढायला लागले, जगभर मंदी आली तेव्हापासून, आणि २०११ च्या उठावानंतर आणखी वाढले. २०१३ च्या ऑगस्टमध्ये इजिप्तमधल्याच मल्लावी शहराचं म्युझियम फोडलं तेव्हा हजाराहून जास्त वस्तू नेल्या, त्यातल्या बऱ्याच पुढे परत मिळाल्या, कारण त्यांची यादी होती. पण कबर फोडून काढलेल्या वस्तूची यादीच नसते, ती कधी होती हेच कोणाला माहीत नसतं, मग चोरीला गेली अशी तक्रार तरी कोण देणार. अरुंद खड्ड्यांमध्ये लहान मुलांना उतरवतात आणि त्यात मुलं दगावलीत, अशाही बातम्या तिकडून आल्या. चार हजार वर्षांपूर्वी कोणीतरी आपल्या मुलीच्या रक्षणासाठी बांधलेला ताईत काढायला आज दुसऱ्याचं पोर खड्ड्यात उतरवायचं, हे वाचून मला काही दिवस दुसरं सुचत नव्हतं.

यावर जे मुद्दे मांडले जातात ते पोकळ नाहीत, त्यांना उत्तर द्यायला हवं.

पहिला मुद्दा, की इजिप्तने स्वतःच हे विकलंय. खरं आहे. १९८३ चा कायदा क्रमांक ११७ येण्याआधी तिथे परवानाधारक डीलर होते, कैरोच्या म्युझियममध्येच विक्रीची खोली होती, पर्यटक उघड खरेदी करून जायचे. उत्खनन करणाऱ्यांनाही वाटा मिळायचा. त्यामुळे बाहेर असलेला प्रत्येक ताईत चोरीचा आहे असं मी म्हणत नाही आणि कोणी म्हणू नये. पण कायदेशीर बाहेर पडलेल्या वस्तूंच्या पावत्या असायच्या, परवाने असायचे, शिक्के असायचे. ज्याच्याकडे ते आहे त्याने दाखवावं. आता कोणी म्हणेल की आजोबांनी १९५० साली दहा ताईत पाकिटात घालून आणले, पावती कोण जपून ठेवतो. बरोबर, आणि अशा घरांना हा नियम जाचणार, त्यांचा खरा, प्रामाणिकपणे घेतलेला ताईतही विकता येणार नाही. हे नुकसान आहे, ते मी नाकारत नाही. फक्त ते पैशाचं नुकसान आहे आणि वस्तू तर त्यांच्याच घरी राहते, उलट बाजूला एक अख्खी कबर जाते, तेव्हा तोलून बघितलं तर मला यात फार विचार करण्यासारखं वाटत नाही.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे. लोक म्हणतात, अहो मोठ्या अभ्यासकांनीही बाजारातूनच घेतलंय. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीने १९१४ मध्ये ताईतांवर जे पुस्तक काढलं ते आजही आधार म्हणून वापरतात, त्यात त्याने २७५ प्रकार लावलेत. त्यातले बरेचसे ताईत त्याने विकत घेतलेले होते. हो, होते. पण त्याच पुस्तकाच्या शेवटी काय आहे बघा, खोदकामात सापडलेल्या ममींवर कुठला ताईत कुठे होता याच्या आकृत्या, मानेपाशी कुठला, छातीवर कुठला, पोटावर कुठला. विकत घेतलेल्या हजार ताईतांवरून त्याला आकार आणि दगड कळले. जागा कळली ती फक्त खोदलेल्यांवरून. पेट्रीचं पुस्तक बाजाराच्या बाजूने साक्ष देतं असं वाटत असेल तर ते पूर्ण उघडून बघावं.

तिसरा मुद्दा, की म्युझियम तरी छोट्या वस्तू कुठे नीट जपतात, आणि इथे बोट म्युझियमकडेच जातं. मोठ्या म्युझियमनीही छोट्या वस्तूंना छोटंच मानलं. ब्रिटिश म्युझियमने २०२३ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलं की वस्तू गायब आहेत, आकडा पुढे सुमारे २००० सांगितला, बहुतेक करून कोरीव रत्नं आणि दागिन्यांचे बारके तुकडे, आणि त्यातल्या कितीतरींची नीट नोंदच झालेली नव्हती. एका डॅनिश डीलरने २०२१ मध्येच सावध केलं होतं, ऑनलाइन विक्रीला आलेल्या वस्तू ओळखून. संचालकांना राजीनामा द्यावा लागला. मग म्युझियमने पाच वर्षांत सगळं कलेक्शन डिजिटल करायचं जाहीर केलं. त्या वस्तू मुख्यतः ग्रीक-रोमन होत्या, इजिप्तच्या नव्हे, पण कारण एकच आहे, जे मुठीत मावतं आणि ज्याचा फोटो नाही ते गेलेलं कळतच नाही. आणि उलट बाजूने बघायचं तर लंडनमधल्याच पेट्री म्युझियमने आपल्या साधारण ८०,००० वस्तूंचा कॅटलॉग केव्हाच ऑनलाइन टाकला, तिथे बारक्यातला बारका मणीही नंबरासकट सापडतो. त्यांचं बजेट ब्रिटिश म्युझियमच्या पासंगालाही पुरणार नाही. म्हणजे इच्छा असली की होतं.

छोटी वस्तू परत द्यायचीही पद्धत पडू शकते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१० मध्ये तुतनखामूनच्या थडग्यातल्या १९ वस्तू इजिप्तच्या असल्याचं मान्य करून परत द्यायचं ठरवलं. त्यात पाऊण इंचापेक्षाही कमी उंचीचा कांस्याचा कुत्रा होता. एवढ्याशा कुत्र्यासाठी म्युझियमने कागद तपासले, तो कोणाच्या हातून कसा आला ते शोधलं आणि जाहीर केलं. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे आकाराचा प्रश्नच कोणी काढला नाही.

मराठी वाचकांनी यात का पडावं असं कोणी विचारेल. एक तर आपण स्वतः या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला उभे आहोत, देवळातल्या चोरीला गेलेल्या मूर्ती परदेशातून परत येतात तेव्हा आपण आनंद करतो आणि करायलाच हवा. आणि नोंद नसली की काय होतं हे आपण २०२४ मध्ये वाघनखांच्या वेळीही बघितलं, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून साताऱ्याला वाघनखं आली, लोकांनी गर्दी केली, पण ही महाराजांनी वापरलेलीच का याचा पुरावा नाही असं ते म्युझियम स्वतःच सांगतं, आणि त्यावरून किती वाद झाले. मधल्या दीडशे-दोनशे वर्षांची साखळी तुटली की मग नुसती श्रद्धा आणि भांडण उरतं. इजिप्तच्या बाबतीत ही साखळी दर महिन्याला, पैसे देऊन, तोडली जातेय. आणि आता आपल्यातले कितीतरी जण इजिप्तच्या टूरला जातात, लंडन-न्यू जर्सीला राहणारे ऑनलाइन लिलावात हौसेने बोली लावतात. कैरोच्या खान अल-खलिलीत कोणी रुमालात गुंडाळलेला "ओरिजिनल" दाखवला तर तो घेणं तिथल्या कायद्याने गुन्हा आहे हे जाणाऱ्याला माहीत असायला हवं. त्याऐवजी आजच्या कारागिराने आज कोरलेला, नवा म्हणूनच विकलेला दगडी बेडूक घ्या. त्या माणसाला त्याचे पैसे मिळतात आणि कोणाची कबर फुटत नाही.

करायचं काय, तर युरोपने रस्ता दाखवलाय. युरोपियन युनियनचा २०१९/८८० हा नियम २८ जून २०२५ पासून पूर्ण लागू झाला, त्यात उत्खननातून आलेल्या, अडीचशे वर्षांहून जुन्या वस्तू बाहेरून आणायच्या तर परवाना लागतो, आणि मुख्य म्हणजे किंमत कितीही कमी असली तरी लागतो. किमतीची अट ठेवली नाही हेच त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं कलम आहे, कारण किमतीची अट ठेवली की सगळे ताईत आपोआप सुटतात. फेसबुकने २०२० मध्ये पुराणवस्तूंच्या खरेदी-विक्रीवर बंदी घातली, ती पाळली किती जाते हा वेगळा प्रश्न, पण निदान नियम आहे. लिलावाच्या साइट्सनी हाच नियम घ्यायला हवा, निर्यातीच्या कागदाचा फोटो नाही तर लिस्टिंग नाही. "जुन्या कलेक्शनमधून" हे वाक्य पुरावा म्हणून चालवून घेणं बंद. आणि म्युझियमनी डिजिटल करताना भव्य पुतळ्यांपासून सुरुवात करू नये, ते कोणी खिशात घालून नेणार नाहीये. आधी ड्रॉवरमधले बारके दगड काढा, दोन्ही बाजूंनी फोटो काढा, वजन करा, भोकाच्या कडेचा क्लोजअप घ्या, जिथे खोदकामाचा नंबर आहे तिथे तो जोडा.

आणि ज्यांच्या घरी असा एखादा ताईत आधीच आहे, नातेवाइकाने आणलेला, कपाटात पडलेला, त्यांना मी चोर वगैरे अजिबात म्हणणार नाही. तो विकू नका एवढंच. कोणी आणला, कोणत्या साली, कुठल्या दुकानातून किंवा कोणाकडून, घरातल्या म्हाताऱ्यांना जे आठवतंय ते सगळं त्यांना विचारून आत्ताच लिहून काढा, जुनं पत्र, पासपोर्टवरचा शिक्का, फोटो असेल तर सोबत ठेवा, आणि ज्या म्युझियममध्ये इजिप्तचा विभाग आहे तिथे फोटोसकट कळवा. वस्तू द्यायची की ठेवायची ते नंतर ठरवता येईल.